ख्रिस्तपुराणांतील नरक : शब्द जुना, काल निराळा

फादर टॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणांत (इ. स. १६१६) वैकुंठ, यमपुरी असे शब्द भेटतात. त्यांवरून ग्रंथकारानें पौराणिक नरकच ख्रिस्ती वेषांत उभा केला, असें अनुमान पुष्कळदां काढलें जातें. तें आम्हांस सदोष वाटतें.

पुराणांतील नरक सावधि भोगस्थान आहे. भोग सरतांच जीव पुन्हां जन्मास येतो. रोमन चर्चच्या मतें मात्र प्राणघातक पापांत पश्चात्तापावांचून मेलेल्यास सुटका नाहीं. मत्तयकृत शुभवर्तमानांत (२५.४६) जीवन व दंड या दोहोंस ‘सार्वकालिक’ अर्थाचें एकच ग्रीक विशेषण लाविलें आहे. अंतीं सर्वांचा उद्धार होईल, हें ओरिजेनच्या नांवावर मोडणारें मत इ. स. ५५३ च्या सुमारास निषिद्ध ठरलें. सावधि यातनेचें ख्रिस्ती स्थान म्हणजे शुद्धिस्थान. पौराणिक नरकाचें साम्य असलेंच तर त्याच्याशीं. तेथून पुढेंही स्वर्गच, पुनर्जन्म नव्हे.

उलट, अनंत नरक भारतीयांस सर्वस्वी अपरिचित होता, असेंही म्हणवत नाहीं. मध्वाचार्यांनीं तमोयोग्य जीवांस नित्य अंधतमस सांगितलें आहे, आणि गोमंतकीय सारस्वतांत माध्व संप्रदाय होता.

सारांश, शब्दाच्या कुळावरून अर्थाचें कुळ ठरत नाहीं. रोमी लिपींतील प्रती व लंडन येथील देवनागरी मार्सडेन प्रत ताडून पाहणारांनीं नरकवाचक नामांइतकींच त्यांसोबतचीं कालवाचक पदें टिपावीं. सासष्टीच्या श्रोत्यानें यमाचें नांव ऐकून सुटकेची आशा धरावी कीं सोडावी, याचा निर्णय त्या पदांवर अवलंबून आहे.