बाटलीवरचे साहित्य

मराठी समीक्षेने आजवर कथा, कादंबरी, नाटक, लावणी, पोवाडा, इतकेच काय पण लग्नातले उखाणे आणि ट्रकच्या पाठीवरची सुभाषिते यांचीही दखल घेतली आहे. पण घरोघरी रोज आंघोळीनंतर जे साहित्य हातात घेतले जाते, नव्हे, अंगाला लावले जाते, त्याकडे कुणाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. मी बोलतो आहे ते मॉइश्चरायझर, लोशन आणि कोल्ड क्रीम यांच्या बाटल्यांवर छापलेल्या मजकुराबद्दल. ज्या घरात दिवाळी अंकसुद्धा शेजाऱ्यांकडून मागून आणतात, त्या घरात हे साहित्य रोख पैसे मोजून विकत घेतात. इतका भाग्यवान लेखक आपल्याकडे दुसरा नसेल. तेव्हा त्याचे परीक्षण व्हायलाच हवे.

या साहित्याचे दोन भाग पडतात. बाटलीचे पोट आणि बाटलीची पाठ. पोटावर काव्य असते आणि पाठीवर वास्तववाद. वाचकवर्ग अर्थातच काव्याला.

आधी काव्य घेऊ. 'त्वचेला खोलवर पोषण' ही या काव्यातली सर्वांत लोकप्रिय ओळ. आता आपल्या कातडीचा अगदी वरचा थर हा मेलेल्या पेशींचा असतो. बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कमी. क्रीम मुख्यतः काम करते ते या थरावर. मेलेल्यांना जेवू घालायची प्रथा आपल्याकडेही आहे, नाही असे नाही. पण ती पितृपंधरवड्यात. बारा महिने तेरा काळ कुणी घालत नाही.

दुसरी ओळ 'अठ्ठेचाळीस तास ओलावा'. ही लिहिताना कवीच्या डोळ्यांपुढे दिवसाआड आंघोळ करणारा नायक असावा. आपल्याकडे मुंबईत मे महिन्यात माणूस दिवसातून दोनदा नळाखाली बसतो. त्याचा अठ्ठेचाळीस तासांचा ओलावा बाराव्या तासाला मोरीतून वाहून जातो.

तिसरी ओळ जरा पंडिती वळणाची आहे. 'कोलॅजेनयुक्त'. कातडीतून आरपार जायचे तर रेणू लहान हवा. साधारण पाचशे डाल्टनच्या आत, असा ठोकताळा दोन डच संशोधकांनी २००० साली मांडला. कोलॅजेनचा अख्खा रेणू तीन लाखांच्या घरात. सकाळी साडेनऊला दादरला लोकलमध्ये हत्ती चढवायचा म्हटले तर जे होईल तेच इथे होते. तो फलाटावरच राहतो. फलाटावर राहून थोडेफार पाणी धरून ठेवतो, एवढे त्याचे श्रेय मात्र द्यायला हवे.

'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' हा तर संदिग्धतेचा उत्तम नमुना. परीक्षा झाली, एवढेच त्यात सांगितले आहे. निकाल सांगितलेला नाही. आमच्या गल्लीतले एक चिरंजीव गेली चार वर्षे असेच बी.कॉम.ला 'बसलेले' आहेत. तीच गत 'अनसेंटेड' या शब्दाची. त्याचा अर्थ वास नाही असा असतो, सुगंधी द्रव्य नाही असा नव्हे. मूळचा वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. ज्यांच्या कातडीला सुगंधाचे वावडे आहे, त्यांनी 'फ्रॅग्रन्स फ्री' हे शब्द शोधावेत.

आता पाठ. इथला टाइप इतका बारीक असतो की लेखकाला आपले लेखन वाचले जाऊ नये अशी मनोमन इच्छा असावी. पण खरा लेखक भेटतो तो इथेच. २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे आपल्याकडे घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. एक टक्क्याच्या आतले मात्र शेवटी, कसेही. म्हणजे लग्नपत्रिकेसारखेच. आधी वडीलधारी मंडळी, आणि तळाला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी चिल्लीपिल्ली. लोशनमध्ये पहिले नाव बहुधा 'अ‍ॅक्वा' असते. हे लॅटिनमधले पाणी. आपल्या नळाला येते तेच, फक्त वेळेवर येणारे. आणि पोटावर ज्याचा रंगीत फोटो आहे तो बदाम किंवा केशर शोधत जावे, तर तो पुष्कळदा तळाला चिल्लीपिल्लीत सापडतो. जाहिरातीत नायक, आणि प्रत्यक्ष नाटकात तिसऱ्या अंकात 'मालक, गाडी आली' एवढेच म्हणून जाणारा.

या नाटकात खरी पात्रे तीनच. ती समजायला कातडी म्हणजे विटांची भिंत समजावी. मेलेल्या पेशी या विटा, आणि मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध पदार्थ. चुना झडला की भिंतीतले पाणी उडून जाते. पहिले पात्र पाणी धरून ठेवते : ग्लिसरीन, युरिया. दुसरे फटी बुजवते : तेले, स्निग्ध द्रव्ये. तिसरे वरून झाकण घालते : पेट्रोलियम जेली, मेण. सकस कलाकृतीत तिघेही असतात आणि पाठीवरच्या यादीत बऱ्यापैकी वर असतात. बाकी सगळे नेपथ्य.

परंपरेचा धागा दाखवल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. दुसऱ्या शतकातल्या गेलेन नावाच्या ग्रीक वैद्याच्या नावावर कोल्ड क्रीम आहे : मेण, तेल आणि गुलाबपाणी. त्यातले पाणी उडताना गार वाटते, म्हणून ते 'कोल्ड'. आपल्या आयुर्वेदात तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेले शतधौत घृत आहे. कोकणात भेगांना कोकमाच्या बियांचे घट्ट तेल चोळतात. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन गृहस्थाने १८७२ साली व्हॅसलीनचे पेटंट घेतले. तो म्हणे रोज चमचाभर व्हॅसलीन खात असे. १९३३ साली ९६ व्या वर्षी वारला. आपल्या लिखाणावर इतका विश्वास असलेला लेखक विरळा. (वाचकांनी मात्र ते बाहेरूनच लावावे.)

परंपरेत एक हिमकणही शिरला आहे. १९११ सालच्या निव्हियाचे नाव लॅटिन बर्फावरून. १९१९ साली मुंबईत अफगाण स्नो निघाला. जिथे बर्फ पडतो तो फक्त उसाच्या रसात, तिथल्या माणसांनी बर्फासारखे दिसावे, ही कल्पना तेव्हापासूनची. १९७५ साली आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडले. सावळ्या विठोबाचे मुख पाहून डोळे निवणारा समाज घरी परतून मुलीच्या गालाला काय चोळत होता, हे वाचताना समीक्षकाचे हसू मावळते. कोरडेपणा हा कातडीचा त्रास आहे; रंग हा त्रास नव्हे. बाटलीने या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवल्या, हा तिचा सर्वांत मोठा वाङ्मयीन अपराध.

एवढे वाचून कुणी विचारील, "ते ठीक आहे, पण घ्यायचं काय?" दुकानातली मुलगीही मला हेच विचारते. "काका, तुमची स्किन ड्राय की ऑइली?" साठी उलटल्यावर माणसाला स्किन नसते, कातडी असते, आणि ती बहुधा कोरडीच असते. उत्तर सोपे आहे. तेलकट चेहऱ्याला आणि दमट हवेला पातळ लोशन. त्यात पाणी जास्त. कोरड्या अंगाला आणि नागपूरच्या थंडीला जाड क्रीम; त्यात तेल जास्त. फुटलेल्या टाचांना रात्री मलम किंवा पेट्रोलियम जेली. टाचा फारच दगड झाल्या असतील तर युरियाचे क्रीम. कढत पाणी टाळावे, आणि आंघोळीनंतर अंग टिपून, ते ओलसर आहे तोवरच लावावे. नवीन बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार दिवस लावून पाहावी. किंमत आणि गुण यांचे नाते, पुरस्कार आणि पुस्तके यांच्या नात्याइतपतच असते.

पण या साहित्यावरचा माझा मुख्य आक्षेप त्याच्या नायिकेबद्दल आहे. बाटलीच्या पोटावरची बाई पाहा. तिच्या कातडीला काहीही लावायची गरज नाही. ज्यांना गरज आहे, ते हात तिथे कधीच छापले जात नाहीत. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींची बोटे थंडीत पेराशी चिरतात, साबण लागला की रक्त येते. सौ.ने एकदा त्यांना सुगंधी लोशनची बाटली देऊ केली.

"नको वहिनी," मावशी म्हणाल्या, "तासाभरानं परत साबणच लागायचा. आणि जखमेत वास झोंबतो."

त्यांचे हे परीक्षण मी वर केलेल्या सगळ्या परीक्षणाहून नेमके होते. मग त्यांना साध्या पेट्रोलियम जेलीची डबी आणून दिली. शेवटचे भांडे धुऊन झाले की रात्री झोपताना चोपडायची. मावशींनी डबी उलटसुलट केली.

"दादा, काय लिहिलंय हिच्यावर?"

मी पाठ वाचली. घटकांत एकच नाव होते.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग खरं असंल," त्या म्हणाल्या, आणि डबी पदराच्या गाठीला बांधून पुढच्या घरी गेल्या.

अल्पाक्षरत्व हा गुण आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. बाटलीवाल्यांनी तो मनावर घ्यावा, आणि वाचकांनी बाटली विकत घेण्यापूर्वी दुकानातच पाठीवरून वाचायला सुरुवात करावी. चष्मा बरोबर न्यावा.