ऐकीव इतिहास आणि आमचा खाडीकांठ

मराठींत ‘ऐकीव’ हा शब्द आम्ही बहुधा निंदेच्या अर्थानेंच वापरतों. एखादी गोष्ट ऐकीव आहे असें म्हटलें, कीं तिच्यावर विश्वास ठेवूं नये हें ओघानेंच आलें. ह्याला कारणही तसेंच आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि कागद पाहिल्यावांचून बोलूं नये ही शिस्त महाराष्ट्रास लाविली. ती शिस्त उत्तम होती. बखरींतल्या भाकडकथांचा तिनें पुष्कळ निचरा केला. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, कीं ज्यांनीं कागद लिहिले त्यांचाच इतिहास झाला, आणि ज्यांनीं ते लिहिले नाहींत ते आमच्या लेखीं केवळ लोकसंख्या होऊन राहिले.

ही उणीव भरून काढूं पाहणारीं दोन पुस्तकें आम्हीं अलीकडे पुन्हां वाचलीं. पहिलें ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांचें ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). दुसरें मीना मेनन आणि नीरा आडारकर ह्यांचें गिरणगांवच्या कामगारांवरील इंग्रजी पुस्तक (२००४), ज्याच्या नांवांतच शंभर वर्षें आणि शंभर आवाज आहेत. दोन्ही नवीं नव्हेत. परीक्षणास आम्ही उशीरा बसलों आहों हें मान्य. पण डोंबिवलीसारख्या ठिकाणीं राहून तीं वाचतांना आमच्या मनांत जी चुटपुट लागली, ती अद्याप शिळी झालेली नाहीं.

पवार-मून ह्यांच्या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे त्यांतील स्त्रियांना नांवें आहेत. सभांच्या वृत्तांतांत ‘स्त्रिया बहुसंख्येनें उपस्थित होत्या’ ह्या एका ओळींत ज्या संपतात, त्याच येथें आंबेडकरी चळवळींतील आपापला वांटा स्वतःच्या तोंडानें सांगतात. पूर्वार्धांत कागदपत्रांच्या आधारें केलेलें निवेदन आणि उत्तरार्धांत मुलाखती, अशी ह्या ग्रंथाची रचना आहे, आणि हे दोन भाग एकमेकांशीं पुरते बोलत नाहींत असें आम्हांस वाटतें. पूर्वार्धाला उत्तरार्धानें कोठें छेद दिला, हें वाचकास स्वतःच शोधावें लागतें. गिरणगांवच्या पुस्तकांत ही सांधेजोड अधिक कुशलतेनें झाली आहे. तेथें लाल बावट्याचा माणूस आणि शिवसेनेचा माणूस एकाच काळाविषयीं परस्परविरुद्ध बोलतात आणि लेखिका त्यांचें भांडण मिटविण्याची घाई करीत नाहींत. जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या, सुमारें अडीच लाख कामगारांच्या संपाचें वर्णन त्यामुळें निकालपत्रासारखें न होतां घरांतल्या वादासारखें होतें. परंतु त्यांतील मराठी कामगाराचें बोलणें इंग्रजींत गेल्यावर त्याचा कोंकण कोठें राहिला आणि घाट कोठें राहिला, हें ओळखूं येत नाहीं. सर्व आवाज एकाच इस्तरीखालून निघाल्यासारखे भासतात.

आक्षेपक म्हणतील, म्हाताऱ्यांची स्मृति ती केवढी! सन चुकतात, माणसें अदलाबदल होतात. खरें आहे. पण इटलींतील अलेस्सांद्रो पोर्तेल्ली ह्यांनीं तेर्नी गांवच्या एका मृत्यूची जी चिकित्सा केली, ती ह्या आक्षेपकांनीं अवश्य पाहावी. लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्यें नाटोविरुद्धच्या निदर्शनांत मारला गेला. गांवकरी मात्र तो १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळीं मेला असें सांगत. साल चुकलें, पण गांवाला कोणतें दुःख अधिक लागलें, तें त्या चुकीनेंच कळलें. कागदानें हें कधींही सांगितलें नसतें.

आतां आमच्या पट्ट्याकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी आली. डबे चौदा, पाहुणे सुमारें चारशें, इंजिनें तीन, हें शाळेंतलें मूलही सांगतें. पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली. परंतु ज्यांनीं डोक्यावर पाट्या वाहून तो भराव घातला, त्यांपैकीं एकाचेंही बोलणें आमच्या वाचनांत नाहीं. तें गेलें तें गेलेंच. जें अजून गेलेलें नाहीं त्याचें काय? कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावण्यांत १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें राहिलीं, आणि १९४९ मध्यें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. नांव कागदावर आहे. बराकींत पहिली चूल कोणी मांडली, कल्याणच्या बाजारांत पहिली भाजी सिंधी बाईनें कोणत्या भाषेंत मागितली, हें कागदावर नाहीं; आणि १९४७ मध्यें दहा वर्षांचें असलेलें मूल आज नव्वदीच्या घरांत आहे. ठाण्याचे बेने इस्राएल, ज्यांचें सिनेगॉग १८७९ चें, आणि ज्यांतील पुष्कळ जण पुढें इस्राएलला गेले, चेंदणीचे कोळी, १९६२ पासून उभ्या राहिलेल्या वागळे इस्टेटींतील कारखान्यांचे कामगार, ज्यांच्यापैकीं कित्येकांचे कारखाने आतां नाहींत, हे सर्व एकाच गाडीनें प्रवास करणारे लोक. २०११ च्या जनगणनेंत ठाणें शहर १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर गेली. डोंबिवलीस लेखकांची वाण नाहीं, पु. भा. भावे, शं. ना. नवरे येथें राहिले, २०१७ मध्यें साहित्यसंमेलनही येथें भरलें. पण लेखकांनीं गजबजलेलें गांव आपली हकीकत लिहून ठेवतेंच असें नाहीं.

येथें आमचीच एक चूक सांगणें भाग आहे. खाडीकांठच्या एका गांवांत, जेथें आतां गांवापेक्षां इमारतीच अधिक आहेत, आम्हीं एका वृद्ध आगरी आजींचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें. मुलगे समोर होते तोंवर त्या फक्त देवळाविषयीं व जत्रेविषयीं बोलल्या. मुलगे चहा सांगावयास गेले तेव्हां जमिनीच्या विक्रीवर आल्या, आणि आपला अंगठा कोणत्या कागदावर घेतला हें आपल्याला कोणीं वाचून दाखविलें नाहीं, असें अगदीं सहज म्हणाल्या. घरीं येऊन आम्हीं तें सर्व शुद्ध करून लिहिलें. ‘पानी’चें ‘पाणी’ केलें. खारजमिनीच्या बांधाला भगदाड पडून भरतीचें पाणी शेतांत शिरलें, ह्याला त्या ‘खांड गेली’ म्हणाल्या होत्या. आम्हीं ‘बांध फुटला’ असें लिहिलें. पुढच्या भेटींत लेख वाचून दाखविला. आजींनीं तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलें, “मास्तर, हें कोन बोललं?”

गिरणगांवच्या पुस्तकावर इस्तरीचा आरोप करतांना आमचा हात थोडा कांपतो तो ह्यामुळें. इंग्रजीनें जें तेथें केलें, तें प्रमाण मराठीनें येथें केलें. आणि कागद वाचून न दाखवितां अंगठा घेणाऱ्यांपेक्षां आम्ही फार निराळे वागलों, असें म्हणवत नाहीं. निदान आम्हीं वाचून दाखविलें, एवढाच काय तो फरक.

म्हणून ह्या पट्ट्यांत असें काम कोणी हातीं घेईल तर आमची मागणी एवढीच, कीं मूळ ध्वनि आणि बोलीतला उतारा दोन्ही ठेवावे, बोलणाऱ्यास उतारा ऐकवून त्याची संमति घ्यावी, आणि मुलाखत घरांतल्या कर्त्या माणसासमोर एकदां व त्याच्या पाठीमागें एकदां, अशी दोनदां घ्यावी. ठेवावयास जागा नाहीं असें कोणी म्हणूं नये. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें व ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें आहे. ज्या फडताळांत बखरी राहिल्या, त्यांत हेंही राहील. आजींचें कथन आम्हीं पुन्हां पहिल्यापासून उतरून घ्यावयास घेतलें आहे. सध्यां तिसऱ्या पानावर आहों. खांड जागेवर आली आहे, अंगठ्याची हकीकत छापावी कीं नाहीं हें मात्र त्यांनाच विचारावयाचें आहे, आणि तेंही मुलगे घरीं नसतांना.