लाल डोळा आणि औषधांचे पुस्तक

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रतिजैविकांवर एक जाडजूड पुस्तक काढले. 'अवेअर' या नावाने ते ओळखले जाते. जंतूंविरुद्धच्या औषधांचे त्यात तीन गट केले आहेत. 'ॲक्सेस' म्हणजे नेहमीच्या आजारांत आधी वापरायची, 'वॉच' म्हणजे जपून वापरायची आणि 'रिझर्व्ह' म्हणजे दुसरा उपाय उरला नाही तरच काढायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. साध्या घसादुखीवरही आपण तीन गोळ्यांच्या पट्टीत आणतो ते ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात आहे, आणि सेफिक्झिमही तिथेच. भारी औषध म्हणजे चांगले औषध, या समजुतीला हा पहिलाच धक्का.

दुसरा धक्का अधिक मोठा आहे. बहुतेक घसादुखी, सर्दीनंतरचा खोकला आणि साधे पातळ जुलाब यांवर प्रतिजैविक देऊच नये, असे हे पुस्तक स्वच्छ सांगते. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतुसंसर्ग झाला, असे नव्हे. हे आजार बहुधा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत. इतके सरळ लिहिणे तज्ज्ञांना क्वचितच जमते. त्याबद्दल आम्ही या पुस्तकाला पुरे गुण देतो.

पण एक गोष्ट खटकते. बहुतेक प्रकरणे रोगाच्या नावाने सुरू होतात, आणि माणूस दवाखान्यात येतो तो तक्रार घेऊन. तक्रारीपासून औषधापर्यंतची वाट कशी बांधावी, याचा उत्तम नमुना आपल्याच भागात आहे. डॉ. राणी बंग आणि वर्धा-सेवाग्रामच्या नई तालीमच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध त्यांच्या हाती दिले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या बालकांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, तुलनेच्या गावांत ते १३.५ होते. न्यूमोनियासाठी आज पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला आहे, पण ओळखायची रीत तीच: मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. घड्याळ असलेल्या कोणालाही हे जमते.

लाल डोळ्याचे मात्र असे झालेले नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली. ती विषाणूंची होती, तरी प्रतिजैविकांच्या थेंबांना मागणी चढली. शिवाय आपल्या कोरड्या, तापत्या हवेत मुलांना डोळ्यांची ॲलर्जी फार. संसर्गावरच्या पुस्तकात तिच्या उपचारांना जागा नाही, हे तर्काला धरून आहे. पण लाल डोळा घेऊन आलेल्या आईला त्या तर्काचा काय उपयोग?

फरक ओळखणे अवघड नाही. साथीत बहुधा एक डोळा आधी येतो, पाणी किंवा चिपडे येतात, घरात आणखी कोणाला तेच होते. ॲलर्जीत दोन्ही डोळ्यांना विलक्षण खाज सुटते, चिकट तारेसारखा स्राव येतो आणि दरवर्षी उन्हाळा लागला की त्रास परततो. शाळकरी वयाच्या मुलग्यांत हा प्रकार जास्त. वयात येताना तो बहुधा ओसरतो. थंड पाण्याच्या पट्ट्या, डोळे न चोळणे आणि ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनसारखे थेंब हा त्यावरचा पहिला उपाय. प्रतिजैविकाने ॲलर्जीला काहीही होत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब स्वस्तात मिळतात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून घरचे खूश होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात रिकामी बाटली दाखवून तीच मागतात. चिठ्ठीशिवाय ती विकू नये असा नियम आहे, तो कसा पाळला जातो ते सर्वांना ठाऊक आहे. असे थेंब महिनोन्‌महिने गेले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने मूळ नावाची स्वस्त औषधे रुग्णांना देऊन मोठे काम केले; पण स्वस्त औषधही योग्य कारणासाठी दिले तरच औषध, ही बाजू लोकांपर्यंत तेवढी गेलेली नाही.

म्हणून आम्हाला हवे आहे ते तक्रारींच्या क्रमाने लिहिलेले मराठी पुस्तक. त्यात लाल डोळ्याचे पान शिक्षकांसाठी असावे, कारण वर्गात डोळे चोळणारे मूल त्यांनाच आधी दिसते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव असेल आणि थेंब डॉक्टरांना न दाखवता आठवड्यांमागून आठवडे चालू असतील, तर त्या मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवून डोळ्यातला दाब मोजून घ्यावा.