काडतूस म्हणजे गोळी नव्हे : १८५७ च्या एका वाक्याची चिकित्सा

पीएचडीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ‘साहित्याचा आढावा’ लिहावा लागतो. बहुतेक जण त्यात कोण काय म्हणालं याची यादी देतात. आढाव्याचं खरं काम वेगळं असतं. सगळे जे वाक्य न तपासता पुढे ढकलत आले आहेत, ते थांबवून उघडून बघायचं. आज असं एक वाक्य घेऊ. शाळेपासून तुम्ही ते ऐकलेलं आहे :

‘एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावलेली होती, ती दातांनी तोडावी लागत, म्हणून १८५७ चा उठाव झाला.’

यातला ‘म्हणून’ कच्चा आहे, हे इतिहासकार कधीपासून सांगत आलेत. अवधचं विलीनीकरण, भत्ते, पगार, जमीन, सगळं त्यात येतं. मला आज ‘म्हणून’च्या आधीचा भाग तपासायचा आहे. तो निव्वळ तांत्रिक आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

आधी शब्द

‘काडतूस’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुधा पितळेची चकचकीत नळी आणि पुढे टोकदार शिसं. बातम्यांतली ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ हीच असतात. या काडतुसात चार गोष्टी एकत्र असतात : पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी आणि हे सगळं धरून ठेवणारी धातूची पुंगळी. बार झाल्यावर गोळी जाते, पुंगळी राहते. पोलीस घटनास्थळी पुंगळ्या शोधतात तो यामुळेच. म्हणजे गोळी हा काडतुसाचा एक भाग झाला. ‘दोन गोळ्या सापडल्या’ आणि ‘दोन काडतुसे सापडली’ यांत पुराव्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

१८५७ चं काडतूस असं नव्हतं. ती कागदाची सुरळी होती. एका बाजूला मोजलेली दारू, दुसऱ्या बाजूला शिशाची गोळी. टोपी वेगळी असे, ती बाहेरून बसवायची. आणि बंदूक ठासणीची, म्हणजे सगळं नळीच्या तोंडातून आत घालून गजाने ठासायचं. आपल्या भाषेत दोन्ही काळांचे शब्द शेजारी-शेजारी आहेत. ‘दारूगोळा’ या जोडशब्दात दारू आणि गोळा अजून सुटे आहेत. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आलं आणि त्यात ते एकत्र बांधले गेले. वस्तू बदलली तरी शब्द तोच राहिला. अडचण इथेच सुरू होते : आजचा वाचक १८५७ च्या वाक्यात नकळत पितळी काडतूस घालतो, आणि मग ‘दातांनी तोडणे’ हे त्याला विचित्र वाटतं.

चावणं नवं नव्हतं

कागदी काडतूस दातांनी फाडणं ही जुनी कवायत होती. एनफिल्डच्या आधीची ‘ब्राउन बेस’ मस्केट वापरताना शिपाई तेच करत. एका हातात बंदूक असते, दारूचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची. कित्येक वर्षं हे चाललं आणि कुणाची तक्रार नव्हती. नवी होती ती चरबी.

चरबी का लागली, हे भौतिकशास्त्र आहे. ब्राउन बेसची नळी आतून गुळगुळीत, व्यास सुमारे ०.७५ इंच, गोळी त्याहून बरीच लहान, जवळजवळ ०.६९ इंच. गोळी घरंगळत आत जाई, त्यामुळे नेमही तसाच. १८५३ च्या एनफिल्डची नळी ०.५७७ इंचाची आणि आत पिळाच्या खाचा. तिची प्रिचेट गोळी ०.५६८ इंचाची, बुडाशी पोकळ. बार झाला की बूड फुगून खाचांत घट्ट बसे, गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि नेम दूरवर लागे. पण गोळी आणि नळी यांच्यात जेमतेम ०.००९ इंचाची फट, आणि तेवढ्यात गोळीभोवतीचा कागदही मावायला हवा. त्यात काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून उरतो. थोडे बार झाले की नळी चोंदते. राख मऊ राहावी आणि कागद सरकावा म्हणून गोळीकडच्या टोकाला चरबी व मेणाचं मिश्रण लावायचं. ही लहर नव्हती, रचनेची गरज होती.

‘हुशार’ दुरुस्ती आणि तिची मर्यादा

आता नीट वाचा : वंगण *गोळीच्या* टोकाला, दात *दारूच्या* टोकाला. शिपायाने दारू ओतून काडतूस उलटं करायचं आणि चोपडलेलं टोक नळीत घालायचं.

इथे एक लोकप्रिय ‘दुरुस्ती’ भेटते. ‘चरबी चावायची वेळ येतच नव्हती, तेव्हा सगळा गैरसमज.’ शस्त्रांचे शौकीन हे मोठ्या आनंदाने सांगतात. तांत्रिक तपशील बरोबर आहे, निष्कर्ष उथळ आहे. एका सुरळीच्या एका टोकाचं वंगण उन्हाळ्यात, चामड्याच्या पिशवीत, इतर सुरळ्यांना चिकटून तिथेच राहील का? बोटांना लागलेलं ओठाला लागणार नाही का? आणि ज्याचा प्रश्न विटाळाचा आहे त्याच्यासाठी स्पर्श आणि चव यांत तुम्ही समजता तेवढं अंतर आहे का? वस्तूची रचना कळल्यावर ती वापरणाऱ्याची बाजू आपोआप कळत नाही. तो वेगळा अभ्यास आहे.

शिवाय सरकारी कागदपत्रं शिपायांच्या शंकेला बळच देतात. जानेवारी १८५७ मध्ये दारूगोळा खात्याने कळवलं की आक्षेपार्ह चरबी टाळण्याची खास काळजी घेतल्याचं दिसत नाही. चरबी पुरवठादाराकडून आलेली, कुठल्या जनावराची हे बघितलेलंच नव्हतं. म्हणजे ‘अफवा’ म्हणून ज्याची बोळवण होते, त्याला नकार देण्याइतकी माहिती खुद्द सरकारकडे नव्हती.

शिपायांचा प्रयोग

मला सगळ्यात रोचक वाटते ती फेब्रुवारी १८५७ ची बराकपूरची चौकशी. तिथे वाद वंगणाचा राहिलाच नाही, तो *कागदावर* गेला. नवा कागद चकाकणारा आणि कडक होता. शिपायांनी सांगितलं की तो वेगळा फाटतो, जाळला की चरचर आवाज करतो, म्हणजे त्यात चरबी असणार. सरकारने कागद रासायनिक परीक्षकाकडे पाठवला. अहवाल आला, कागदाला कोणताही स्निग्ध पदार्थ लावलेला नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. शिपायांनी निरीक्षण केलं, जुन्या कागदाशी तुलना केली, जाळून चाचणी घेतली. निष्कर्ष चुकला, पण रीत अंधश्रद्धेची नव्हती. परीक्षकाचा निष्कर्ष बरोबर होता आणि उपयोग शून्य झाला, कारण ज्या संस्थेवर अविश्वास होता तिच्याच प्रयोगशाळेचा तो होता. पुढे दातांऐवजी बोटांनी कागद फाडायची कवायत आली. त्याचाही उपयोग झाला नाही.

मग मीरत. २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसं नाकारली. त्यांना दिली जात होती ती *जुनीच* काडतुसं, एनफिल्डची चोपडलेली नव्हेत. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकल्या, १० मेला उठाव झाला. बहुतेक पलटणींच्या हाती तर एनफिल्ड तोवर आलेलीही नव्हती. तेव्हा आपलं मूळ वाक्य इथे मोडतं. मीरतला चरबी नव्हती, चरबीची *शक्यता* होती, आणि नाकारलेला शब्द सरकारचा होता.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ याच दृष्टीने वाचा. वाटेत शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची हकीकत त्यात आहे. बंदुकीचं तंत्र शोधायला ते पुस्तक उपयोगाचं नाही, पण गोष्ट माणसामाणसांतून कशी फिरत होती हे कळायला अमूल्य आहे. साधन वाईट किंवा चांगलं नसतं, प्रश्न चुकीचा किंवा बरोबर असतो.

दमदमचा दुसरा शब्द

जानेवारी १८५७ मध्ये चरबीची कुजबुज प्रथम नोंदली गेली ती कोलकात्याजवळच्या दमदमला. चाळीस वर्षांनी त्याच दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी ०.३०३ ची अशी गोळी केली की तिच्या टोकाचं शिसं उघडं होतं, त्यामुळे शरीरात शिरल्यावर ती पसरे. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. आज कुठल्याही पसरणाऱ्या गोळीला ‘दमदम’ म्हणतात, टोकाला खळगा असलेल्या गोळीलाही. एका गावाच्या, एका नमुन्याच्या नावाचा असा ढोबळ शब्द झाला. १८९७ च्या पत्रातलं ‘दमदम’ आणि आजच्या बातमीतलं ‘दमदम’ एकच मानलंत, तर तुमचा प्रबंध तिथेच घसरेल.

तुमच्यासाठी काम

आपल्या विषयातलं सर्वांत ‘माहीत असलेलं’ वाक्य निवडा आणि चार प्रश्न विचारा :

१. यातलं प्रत्येक नाम त्या काळात नेमकी कोणती वस्तू होती?
२. कृतीचा क्रम काय होता? हाताने करून बघता येतो का? (मी साध्या कागदाची सुरळी करून, एका टोकात रेती आणि दुसऱ्यात खडूचा तुकडा घालून बघितलं. कुठलं टोक दाताशी येतं हे वाचून जेवढं कळत नाही तेवढं दहा मिनिटांत कळतं.)
३. प्रचलित दुरुस्ती काय आहे, आणि ती कुणाला मूर्ख ठरवते?
४. घटनेच्या दिवशी, त्या ठिकाणी, ती वस्तू खरोखर हजर होती का?

चौथा प्रश्न सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. मीरतच्या ८५ स्वारांबद्दल तो विचारला की ‘भोळ्या शिपायांची चूक’ ही मांडणी उभी राहत नाही. त्यांच्या हातातली वस्तू जुनीच होती. ती नाकारण्याची शिक्षा म्हणून त्यांना सर्वांदेखत बेड्या घातल्या गेल्या. त्यांचं म्हणणं काय होतं हे समजून घ्यायचं, तर आधी त्यांच्या हातात काय होतं ते तरी आपण नीट सांगायला हवं.