'बट' आणि 'पुट'

'बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट कां?' हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या बहुतेक मुलांनीं एकदां तरी विचारलेला असतो, आणि 'इंग्रजीला नियमच नाहीं' हें उत्तर ऐकून तीं गप्प बसलेलीं असतात. हें उत्तर पिढ्यानपिढ्या चालत आलें आहे. परंतु तें खरें नव्हे. शिवाय त्यामुळें घोकंपट्टी तेवढी मुलांच्या वांट्यास येते आणि चुकल्यावर हंसें होतें तें निराळेंच.

वस्तुतः सोळाव्या शतकांत या दोन्ही शब्दांतील स्वर एकच, म्हणजे ऱ्हस्व उकार होता. सतराव्या शतकांत दक्षिण इंग्लंडांत त्या उकारानें ओठांची गोलाई सोडली व तो आपल्या अकाराकडे झुकला. 'कप', 'कट', 'बट' हे शब्द त्या वाटेनें गेले. 'पुट', 'पुल', 'बुल', 'पुश' यांत मात्र मागील ओष्ठ्य वर्णानें, व कित्येक ठिकाणीं पुढील 'ल'कार-'श'कारांनीं, ओठ गोलच ठेवले. उकार जागच्या जागीं राहिला. हा नियम कांटेकोर नव्हे, कारण 'बट'च्या आरंभींहि ओष्ठ्यच आहे. ध्वनींचे फेरफार कायद्याच्या कलमांप्रमाणें होत नसतात. पण खरी मौज पुढेंच आहे. उत्तर इंग्लंडांत हा फेरफार झालाच नाहीं. तेथील पुष्कळ लोकांच्या तोंडीं 'बट' व 'पुट' यांचें यमक आजहि बिनचूक जुळतें. लंडनांत खोटें ठरणारें लेखन यॉर्कशायरांत खरें असेल, तर त्याला अडाणी म्हणावें कोणत्या न्यायानें?

दीर्घ स्वरांची उलथापालथ याहून मोठी. सुमारें १४०० ते १७०० या काळांत इंग्रजीचे सर्व दीर्घ स्वर मुखांतील आपलें स्थान सोडून वर सरकले. जे आधींच वर होते ते फुटून संयुक्त झाले. 'नेम' या शब्दांत पूर्वीं आकार होता, 'टाइम'मध्यें ईकार, 'हाउस'मध्यें ऊकार. येस्पर्सन या डॅनिश पंडितानें या घडामोडीला महास्वरांतर अशा अर्थाचें नांव दिलें. नेमकी त्याच मध्यांत, १४७६ सालीं, कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. पुढें खिळ्यांनीं अक्षरें हळूहळू जखडलीं, आणि जीभ मात्र चालतच राहिली. आज दक्षिणेकडील प्रमाण इंग्रजींत सुमारें २० स्वरध्वनि आणि ते लिहावयास मुख्यतः पांच अक्षरें, अशी स्थिति आहे.

या गोंधळांत लाभहि आहे. 'सेन' आणि 'सॅनिटी', 'डिव्हाइन' आणि 'डिव्हिनिटी', 'नेशन' आणि 'नॅशनल': या जोड्यांत उच्चार दुरावले, परंतु स्वराचें अक्षर एकच राहिल्यामुळें नातें डोळ्यांना दिसतें. चॉम्स्की व हॅले यांनीं १९६८ सालीं याच आधारावर हें लेखन जवळजवळ आदर्श ठरविलें. ही स्तुति आम्हांस अतिरेकाची वाटते. 'मीट', 'ब्रेड' आणि 'ग्रेट' या तिन्ही शब्दांत 'ई' व 'ए' हीं दोनच अक्षरें पाहून गोंधळणाऱ्या मुलाला ती सांगण्याचें धैर्य कोणी करूं नये.

उलट टोंक बर्नार्ड शॉचें. १९५० सालीं तो निवर्तला, तेव्हां त्याच्या मृत्युपत्रांत किमान ४० अक्षरांच्या नव्या वर्णमालेसाठीं तरतूद होती. जुन्या लेखनांत श्रमांचा अपव्यय होतो, हा त्याचा मुख्य आक्षेप. १९५७ सालीं न्यायालयानें ही तरतूद बंधनकारक मानली नाहीं. पुढें तडजोडीनें थोडी रक्कम सुटली आणि १९६२ सालीं त्याचेंच 'अँड्रोक्लीझ अँड द लायन' हें नाटक नव्या लिपींत निघालें. समोरासमोरच्या पानांवर जुनी लिपि होतीच! शॉची तळमळ खोटी नव्हती. परंतु उच्चाराप्रमाणें लिहावयाचें तर उच्चार कोणाचा? शॉनें आधार म्हणून राजा पंचम जॉर्जचें बोलणें सुचविलें होतें. म्हणजे यॉर्कशायरच्या मजुरानें, डब्लिनच्या शिक्षकानें आणि पुण्याच्या विद्यार्थ्यानें एका राजाच्या जिभेबरहुकूम लिहावयाचें. आजचें लेखन कोणाच्याच तोंडाशीं पुरतें जुळत नाहीं, म्हणूनच तें सर्वांना सारखें चालतें.

योगायोग असा कीं त्याच १९६२ सालीं मराठीनेंहि उच्चारासाठीं इतिहास सोडला. साहित्य महामंडळाच्या नव्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ही सुधारणा टिकली, कारण ते बिंदु बहुतेकांच्या तोंडून केव्हांच गेले होते. तरी किंमत द्यावी लागलीच. नपुंसकलिंगी एकवचनी 'तें' आणि पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' आतां कागदावर एक झाले आहेत. वाचकानें ते संदर्भानें ओळखावयाचे. कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडीं मात्र तें अनुनासिक आजहि स्पष्ट ऐकूं येतें, आणि ते लोक 'तें', 'केलें' असेंच लिहितात.