नेटवर्क कार्डाचा दोष की जाळ्याचा? : एका सूचनापत्राची चिकित्सा

प्रस्तावना : बोईसरलगतच्या तारापूर अणुविद्युत केंद्राचे १९६९ मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांचे आहेत. त्याच कुळातील अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्राच्या तिसऱ्या संचात १९ ऑगस्ट २००६ रोजी अणुगाभ्यातून पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले व चालकांनी अणुभट्टी हाताने बंद केली. पंपांच्या वेगनियंत्रकांनी जाळ्यावरील अतिरिक्त वाहतुकीमुळे प्रतिसाद देणे थांबवले होते. अमेरिकी अणुनियामक आयोगाच्या २००७-१५ क्रमांकाच्या सूचनापत्रात या घटनेची मीमांसा आहे. त्या मीमांसेचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन : असा बिघाड घडतो कसा, हे मल्टिकास्टच्या उदाहरणाने स्पष्ट होते. एका गटासाठीचे पॅकेट स्विचला गटसदस्यांची माहिती नसल्यास सर्वच पोर्टांवर जाते. ते गाळण्याची जबाबदारी मग नेटवर्क कार्डावर येते. परंतु गटपत्त्याच्या २८ बिटांपैकी २३ च इथरनेट पत्त्यात उतरतात. परिणामी ३२ गटांचा पत्ता एकच ठरतो आणि नको असलेली पॅकेटेही प्रोसेसरपर्यंत पोहोचतात. भार वाढला की प्रोसेसर केवळ ती स्वीकारण्यातच गुंततो. कार्ड मृत भासते. केबल काढताच उपकरण पूर्ववत होत असेल, तर दोष कार्डात नव्हे, वाहतुकीत शोधावयास हवा. कार्ड बदलणे हे अशा वेळी निदान नसून निदानाची टाळाटाळ ठरते. प्रथम पोर्टनिहाय पॅकेटसंख्या व स्विचची गटनोंद तपासणे आवश्यक आहे.

उपरोक्त सूचनापत्राचे बलस्थान त्याच्या प्रांजळपणात आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा नियंत्रकही त्याच वेळी निकामी झाला होता. त्याच्यामुळे वेगनियंत्रक थांबले, की अन्यत्र उगम पावलेल्या वाहतुकीने दोघांनाही गाठले, हे निश्चित सांगता येत नाही, अशी कबुली त्यात दिली आहे. मात्र येथेच मर्यादाही दिसते. उपाय म्हणून दुर्बल उपकरणांपुढे वाहतूक रोखणारी फायरवॉल सुचते. उगमाचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शिवाय सूचनापत्राच्या शीर्षकातच ही नियंत्रणे ‘सुरक्षेशी संबंधित नसलेली’ म्हटली आहेत. कागदावरील हे वर्गीकरण सामाईक तारेवर टिकत नाही, हे त्याच घटनेने सिद्ध केले. अणुभट्टी सुरक्षितपणे बंद झाली हे खरे. पण ती बंद करावी लागली, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष : तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील महाविद्यालयांना हा विषय परका नाही. प्रयोगशाळेत शांत जाळ्यावर पिंगला उत्तर मिळाले की कार्ड निर्दोष ठरवण्याची पद्धत अपुरी आहे. भाराखाली चाचणी न घेता दिलेला निर्वाळा विद्यार्थ्याला गुण मिळवून देईल. रसायनाच्या कारखान्यातील नियंत्रणकक्षात मात्र तो धोक्याचा ठरेल.