पेटी आणि पोकळी : ओनागावा येथील निवाऱ्यांच्या निमित्ताने

पेटी आणि घर यांची प्रयोजने मुळातच भिन्न आहेत. पेटीत जे ठेवावयाचे ते हलू नये, भिजू नये आणि वाटेत कोणाच्या हाती लागू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. घरात जो राहावयाचा त्याला हलता-फिरता यावे, उजेड-वारा मिळावा आणि आल्यागेल्याशी त्याचा संबंध राहावा, अशी घराकडून अपेक्षा असते. जहाजावरून माल नेणाऱ्या पोलादी पेट्यांची, म्हणजे कंटेनरांची, घरे उभारण्याची जी पद्धती गेल्या काही दशकांत रूढ झाली, तिचा विचार करताना या प्रयोजनभेदाकडे बहुधा दुर्लक्ष होते. समर्थक स्वस्ताई, शीघ्रता आणि पुनरुपयोग यांचा हिशेब मांडतात. विरोधक या सर्व प्रकाराची संभावना एक क्षणिक हौस म्हणून करतात. दोघांचीही दृष्टी पेटीवर खिळलेली असते. अशा घरात प्रत्यक्ष राहणे कोठे घडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जपानमधील ओनागावा येथे शिगेरू बान या वास्तुशिल्पकाराने २०११ मध्ये उभारलेल्या निवाऱ्यांच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधता येण्यासारखे आहे.

प्रथम पेटीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक-व्यावसायिकाचे 'आयडिअल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, आणि सागरी मालवाहतुकीचे एक नवे युग सुरू झाले. पुढे या पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून निश्चित झाली. आज सर्वत्र दिसणारी पेटी २० किंवा ४० फूट लांब व ८ फूट रुंद असते. ही मापे जहाज, रेल्वे व मालमोटार यांच्या सोयीने ठरली. मनुष्याच्या शरीराचा किंवा कुटुंबाच्या व्यवहाराचा त्यांत विचार नव्हता, व असण्याचे कारणही नव्हते. पेटीची रचनाही याच हेतूला अनुसरून आहे. भार वाहतात ते चार कोपऱ्यांचे खांब. पन्हळी पत्र्याच्या भिंती त्या सांगाड्याला ताठपणा देतात. म्हणूनच भरलेल्या पेट्या एकावर एक रचता येतात आणि समुद्राच्या हेलकाव्यांतही त्या टिकून राहतात.

या पेटीचे घर करू जाता पहिली अडचण मापाची येते. साध्या पेटीची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर आणि उंची सुमारे २.३९ मीटर असते. भिंतीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. असा पत्रा उन्हाने तापतो, थंडीने गार पडतो आणि आतील बाष्पाचे पाणी होऊन त्याला घाम सुटतो. पत्र्याच्या छपराखालील वैशाखातली दुपार ज्यांनी अनुभवली आहे, अशा महाराष्ट्रीय वाचकांस हे विस्ताराने सांगावयास नको. उपाय म्हणून उष्णतारोधक थर द्यावा, तर तो मुळातच अपुऱ्या असलेल्या रुंदीतून वजा होतो. छताला द्यावा, तर डोक्यावरची जागा कमी होते. खिडकी-दारासाठी भिंत कापावी, तर गेलेला ताठपणा भरून काढण्यासाठी नवी पोलादी चौकट बसवावी लागते. दोन पेट्या जोडून खोली रुंद करावी, तर मधल्या दोन्ही भिंती काढाव्या लागतात आणि छताला निराळा आधार द्यावा लागतो. सारांश, पेटीला घरपण देण्याची प्रत्येक कृती ही पेटीचे पेटीपण कमी करण्याची कृती ठरते.

पुनरुपयोगाचा युक्तिवादही वरवर दिसतो तितका सरळ नाही. पेटीपासून वसतियोग्य इमारत करण्याच्या रीतीसाठी फिलिप क्लार्क यांनी अमेरिकेत १९८७ मध्ये एकस्वाचा अर्ज केला आणि १९८९ मध्ये तो मान्य झाला. तेव्हापासून ही कल्पना निरुपयोगी वस्तूला नवे आयुष्य देण्याच्या भावनेशी जोडली गेली. परंतु दीर्घकाळ वापरलेल्या पेटीला पोचे पडलेले असतात, तिला गंज चढलेला असतो, तिच्यातून कोणकोणता माल गेला याचा पत्ता लागत नाही, आणि तिच्या लाकडी तळाला कीटकनाशके लावलेली असण्याचा संभव असतो. त्यामुळे अनेक प्रकल्पांत एकच फेरी केलेल्या किंवा मुद्दाम घरासाठी घडविलेल्या पेट्या वापरल्या जातात. ॲमस्टरडॅम येथील 'कीटवोनन' या विद्यार्थी-वसाहतीतील सुमारे १,००० घरे चीनमधील कारखान्यात सिद्ध करून जहाजाने आणण्यात आली होती. अशा ठिकाणी पुनरुपयोगाचे नाव घेणे सयुक्तिक नाही. तेथे पेटी हे कारखान्यात घर तयार करण्याचे एक सोयीस्कर माप आहे, इतकेच म्हणता येईल.

या पार्श्वभूमीवर ओनागावाचे उदाहरण पाहावयास हवे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने मियागी प्रांतातील हे किनाऱ्यावरचे गाव उद्ध्वस्त केले. सुमारे १०,००० वस्तीच्या या गावात ८०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. निर्वासितांना तात्पुरती घरे द्यावयाची, तर सपाट जमीन नाही. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र. शासनाचे नेहमीचे एकमजली, रांगेतील निवारे येथे पुरेशा संख्येने बसणे शक्य नव्हते. तेव्हा बेसबॉलच्या मैदानावर २० फुटी पेट्या रचून दोन व तीन मजली नऊ इमारतींत १८९ घरे उभारण्यात आली. घरे तीन आकारांची होती : सुमारे २०, ३० व ४० चौरस मीटर.

येथवरचा वृत्तांत केवळ सोयीचा आहे. या कामाचे वाङ्मयीन परिभाषेत ज्याला 'मर्म' म्हणता येईल ते पेट्यांच्या मांडणीत आहे. बान यांनी पेट्या एकमेकींस चिकटवून रचल्या नाहीत. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक पेटी, मग तितकीच मोकळी जागा, पुन्हा पेटी, आणि वरच्या मजल्यावर हाच क्रम उलटा, अशी ती रचना आहे. न्हाणीघर व निजण्याच्या खोल्या पेट्यांत गेल्या. दोन पेट्यांमधील पोकळीला काचेची मोठी दारे लावून तेथे बसण्या-उठण्याची व जेवणाची जागा करण्यात आली. २० फुटी पेटी सुमारे १४.८ चौरस मीटर जागा व्यापते. ३० चौरस मीटरांचे घर तिच्या जवळजवळ दुप्पट भरते. म्हणजेच घराचा निम्मा भाग, आणि तोही सर्वांत उजेडाचा व सर्वांत वावराचा, पेटीच्या बाहेर आहे. पटावरच्या काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही चौकोनांना मराठीत 'घर' म्हणतात. ओनागावात मात्र भरलेल्या चौकोनांपेक्षा रिकाम्या चौकोनांनाच ते नाव अधिक शोभते.

यावर एक आक्षेप सहज संभवतो. राहणे जर पोकळीतच घडत असेल, तर पेटी हवीच कशाला? लाकडी किंवा पोलादी सांगाड्यावरही हीच योजना करता आली असती. हा आक्षेप विचारार्ह असला, तरी त्याला उत्तर आहे. पेटीचे चार खांब भार वाहण्यास समर्थ आहेत, म्हणूनच मधली जागा रिकामी सोडता आली. पेट्या जवळजवळ तयार स्वरूपात येतात, क्रेनने रचता येतात, उताराच्या व अरुंद जागेतही बसतात आणि भूकंपाचे हादरे सोसतात. संकटकाळात या गुणांचे मोल मोठे आहे. बान यांनी पेटीकडून खोलीचे काम कमी घेतले आणि खांबाचे काम अधिक घेतले. जे काम तिला मुळात येते तेच तिला दिले. त्यांच्या योजनेचे यश पेटीच्या गौरवात नसून तिच्या मर्यादेच्या अचूक जाणिवेत आहे. स्वयंसेवकांचे श्रम व देणग्या यांच्या साहाय्याने प्रत्येक घरात कपाटे व फळ्या बसविण्यात आल्या, ही बाब क्षुल्लक मानू नये. ज्यांचे सर्वस्व वाहून गेले, त्यांच्यापाशी पुन्हा वस्तू गोळा होतील, या विश्वासाची ती खूण होती.

तथापि अशा वास्तूचे मूल्यमापन केवळ जागेच्या अंगाने करून भागत नाही. काळाचाही विचार करावा लागतो. पेटीच्या घराबरोबर नेहमी एक आश्वासन दिलेले असते : हे घर तात्पुरते आहे, ते हलविता येईल, बदलता येईल. या आश्वासनाचा इतिहास सावध करणारा आहे. किशो कुरोकावा यांच्या टोकियोतील 'नाकागिन कॅप्सूल टॉवर'मध्ये (१९७२) दोन मनोऱ्यांना १४० खोल्या पेट्यांप्रमाणे जोडलेल्या होत्या, आणि सुमारे २५ वर्षांनी त्या बदलण्याची कल्पना होती. एकही बदलली गेली नाही; २०२२ मध्ये ती इमारतच उतरविण्यात आली. कीटवोनन वसाहत पाच वर्षांपुरती योजिलेली होती, ती त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकली. एकट्या विद्यार्थ्याला स्वतःची न्हाणी, स्वयंपाकाची सोय व सज्जा असलेली ४० फुटी पेटी काही वर्षे पुरते, हे मान्य केले पाहिजे; अभ्यासक्रम संपतो आणि तो बाहेर पडतो. कुटुंबाच्या बाबतीत तसे नसते. बेघर कुटुंबांसाठी पेट्यांचे केलेले तात्पुरते निवारे उन्हाळ्यात फार तापतात, हिवाळ्यात गारठतात आणि मुलांना अपुरे पडतात, असे इंग्लंडच्या बाल-आयुक्तांच्या २०१९ च्या अहवालात नमूद आहे. त्या पेट्यांत काही दिवसांसाठी आलेल्या मुलाला आपण येथून केव्हा निघणार हे ठाऊक नसते. अरुंद भिंतीपेक्षा हे अज्ञान अधिक जाचक होय.

हा प्रश्न परदेशापुरता मर्यादित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले. ते निवारे कंटेनरांचे नव्हते. पण एका मापाचा पत्र्याचा आडोसा आणि अनिश्चित मुदत, या दोन गोष्टी तेथेही होत्या. आपत्ती आली की निवारा त्वरित उभारला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्वरेचा लाभ निवारा देणाऱ्याला पहिल्या महिन्यात मिळतो, आणि मापाची अडचण राहणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत सोसावी लागते. या दोन काळांचा हिशेब एकत्र मांडला जात नाही, तोवर स्वस्ताईचे आकडे अपुरेच राहतील.

पेट्यांच्या घरांचे परीक्षण करणाऱ्याने, म्हणून, रंगवलेल्या पन्हळी भिंतींच्या छायाचित्रांवर विसंबू नये. त्याने घराचा आराखडा पुढे ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात : कुटुंब एकत्र बसते ती जागा पेटीत आहे की पेटीबाहेर, त्या घराची मुदत कोणी ठरविली व ती पाळली गेली का, आणि पेटी निवडणारा व तिच्यात राहणारा एकच आहे की निराळे. हौसेने पेटीचे घर बांधणारा धनिक ते नकोसे झाल्यास सोडून जाऊ शकतो. निर्वासिताला ती मोकळीक नसते. म्हणून त्याच्या घराला लावावयाची कसोटी अधिक कडक हवी. ओनागावाची रचना या कसोटीला बव्हंशी उतरते. मालाच्या मापात माणसाला बसविण्याऐवजी, दोन मापांच्या मधली जागा तिने माणसासाठी राखून ठेवली. तिचे अनुकरण करू इच्छिणाऱ्यांनी पेट्या उचलल्या आणि ती मोकळी जागा मागे सोडली, तर त्यांच्या हाती केवळ गोदाम लागेल.